पडद्यापुढच्या दोन जागा

हे मृत्युपत्र मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिले फेब्रुवारीत लिहिले होते. त्यात माझे विमानाचे पॉइंट्स मी मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे वाटले होते. ३ एप्रिलला विमान कंपनीने फोनवर सांगितले की सभासद गेला की त्याचे पॉइंट्सही जातात. ते वाटता येत नाहीत, विकता येत नाहीत, वारसाच्या नावावर चढत नाहीत. जमीन राहते, घर राहते, पॉइंट्स राहत नाहीत. दहा वर्षे मधल्या जागेवर बसून जमवलेली गोष्ट अशी वाऱ्यावर सोडणाऱ्यांतली मी नाही. म्हणून त्यांची व्यवस्था मी जिवंतपणी लावायला घेतली आहे, आणि बाकी सगळ्याची या कागदावर लावत आहे. पहिले मृत्युपत्र रद्द समजावे. मी ते फाडले आहे.

मी, चंद्रभागा गोटीराम विधाते, वय सदुसष्ट, राहणार मखमलाबाद, नाशिक. वनस्पतिशास्त्र घेऊन १९६० साली बी.एस्सी. झाले. माझे डोके ठिकाणावर आहे. अरुंद झालेल्या दोन नळ्या हृदयाच्या आहेत, डोक्याच्या नाहीत. १९ जूनला ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, तोवर हिंडाफिरायला हरकत नाही, मात्र विमानात पाय लांब करून बसा. ते मी अक्षरशः पाळणार आहे. हा लेख मी स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दबाव आणू शकेल असे एकच माणूस या घरात होते. ते, म्हणजे माझे यजमान, १९९३ साली गेले.

कलम १. राहते घर आणि घरामागची तीन एकर द्राक्षबाग मुलगा रविराज याला. ओढ्याकडचा एक एकर आणि बँकेतल्या सर्व ठेवी मुलगी शुभांगी हिला. शुभांगी लासलगावला दिली आहे. तिच्या घरी कांद्याचा व्यापार आहे, तिला काही कमी नाही, असे लोक म्हणतील. म्हणू देत. भाऊबीजेची साडी देऊन बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायचा रिवाज आमच्या भागात आहे. तो माझ्या घरात माझ्यापाशी संपतो. शुभांगीने कोणत्याही कागदावर सही करू नये. रविराज तसे मागणार नाही, पण त्याच्या आजूबाजूला सल्लागार फार आहेत.

घराचे पाच-सहा ओळींत आटोपले. घर कमी मोलाचे आहे असे नाही, मला घाई आहे. आज सायंकाळी सहापर्यंतच वेळ आहे. का, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम २. पाटल्या, मोहनमाळ आणि नथ शुभांगीला. माझे दोन लोकरी स्वेटर रविराजच्या बायकोला. त्यातला करडा मूळ रविराजचा आहे. मी तो दहा वर्षे साडीवर घालून रॉटरडॅमच्या शीतगृहांत उभी राहिले. आता त्याने तो परत मागू नये.

कलम ३. कामाची हत्यारे. रसातली साखर मोजायची दुर्बिणीसारखी नळी, मण्यांचा आकार बघायच्या पितळी रिंगा सहा, छाटणीच्या कात्र्या चार आणि पेटीत खुपसायचा थर्मामीटर, हे सर्व गोजराबाईला. गोजराबाई आमच्या पॅकिंग शेडची मुकादम. रिंग न लावता नुसत्या डोळ्याने ती सोळा आणि अठरा मिलिमीटरचा मणी वेगळा काढते. हत्यारांची तिला गरज नाही. ती तिच्याकडे असावीत एवढेच.

कलम ४. गोदातीर द्राक्ष उत्पादक संघाचे माजी अध्यक्ष यांच्याविषयी. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे. १९९६ साली आमच्या द्राक्षांच्या पहिल्या कंटेनरवर हॉलंडच्या व्यापाऱ्याने तक्रार केली की मणी फुटलेले आहेत, ठरलेला भाव देणार नाही. पेट्या उघडून बघायला संघाने मला पाठवले, कारण मी शिकलेली आणि भांडायला बरी. अध्यक्ष सोबत आले. ते संघाच्या खर्चाने विमानातल्या पडद्यापुढे, रुंद खुर्चीत. मी त्याच खर्चाने पडद्यामागे, एकतिसाव्या रांगेत, दोन उंच माणसांच्या मध्ये. तिथे पोहोचल्यावर पेट्या मी उघडल्या, कंटेनरमधल्या तापमानाचा कागद मी वाचला, वाटेत गारवा दोन दिवस बंद होता हे मी दाखवून दिले आणि भाव पूर्ण घेतला. अध्यक्षांनी फोटो काढून घेतले. त्यांना माझ्या दशक्रियेचे आमंत्रण जरूर द्यावे. बसायला मात्र मागची रांग द्यावी.

कलम ५. पॉइंट्स.

त्या पहिल्या प्रवासात मुंबईच्या विमानतळावर एका मुलीने माझ्याकडून एक अर्ज भरून घेतला. जेवढा प्रवास कराल तेवढे पॉइंट्स, पॉइंट्स साठले की फुकट तिकीट, असे ती म्हणाली. मला ते दुधाच्या डेअरीसारखे वाटले. रविराजलाही. आमच्याकडे घरातले कोणीही दूध घालायला गेले तरी नोंद एकाच कार्डावर होते. त्यामुळे १९९८ साली संघाचे बारा बागायतदार हॉलंडला बाग बघायला निघाले, तेव्हा रविराजने बाराही जणांच्या तिकिटांवर माझाच नंबर लिहिला. "आई, एका फेरीत बारा फेऱ्यांचं जमतंय!" म्हणाला. मलाही त्यात काही गैर वाटले नाही. कंपनीचे पत्र आले: जो बसतो त्यालाच मिळतात. बारा जणांचे वाया गेले. सगळे वर्षभर माझ्याकडे त्यांच्या घरची म्हैस मी सोडून नेल्यासारखे बघत होते.

तेव्हा नोंद असावी की आज माझ्या नावावर जे एक लाख चौदा हजार दोनशे पॉइंट्स आहेत, ते सर्वच्या सर्व मी स्वतः बसून मिळवलेले आहेत. त्यात कोणाचा हिस्सा नाही.

दरवेळी विमानात शिरताना त्या रुंद खुर्च्यांमधूनच वाट असते. आपण पिशवी सावरत मागे चालत असतो आणि तिथली माणसे अगोदरच सरबत पीत बसलेली असतात. बशा काचेच्या, रुमाल कापडी. एकदा एक गृहस्थ बटण दाबून खुर्ची आडवी करताना मी पाहिला. खुर्चीचा पलंग झाला. मी तिथेच थांबले. मागची रांग खोळंबली. हवाईसुंदरी म्हणाली, पुढे चला. मी पुढे चालले, म्हणजे मागेच.

पॉइंट्स आपल्याबरोबर जातात हे कळल्यावर मी रोज सकाळी सात वाजता कंपनीला फोन लावू लागले. मुंबई ते ॲमस्टरडॅम, पुढच्या वर्गात, पॉइंट्सवर, दोन जागा, फक्त जाण्याच्या. दोन जागांना एक लाख दहा हजार लागतात, तेवढे आहेत. पण पॉइंट्सवर पुढच्या वर्गाच्या जागा ते फार थोड्या सोडतात, आणि सोडल्या की लगेच जातात. आठ दिवस "सॉरी मॅडम" ऐकले. नवव्या दिवशी, परवा १२ तारखेला, ज्या मुलीने फोन घेतला तिचे इंग्रजी मला ओळखीचे वाटले. मी विचारले, "तू कुठली गं?"

"निफाडची, मॅडम. दीपमाला."

"मग मराठीत बोल आणि नीट बघ."

नुसते टकटक ऐकू येत होते. मग म्हणाली, "काकू, तीन मेला कोणीतरी आत्ताच रद्द केलंय. दोन जागा, शेजारशेजारच्या. पकडू का?"

मी म्हणाले, "पकड! सोडू नकोस!" ओट्यावर दूध उतू गेले. जाऊ दिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"दुसरं नाव कोणाचं? नात्यातलंच लागतं."

"नवसाबाई बहिरू विधाते. माझी धाकटी जाऊ."

"पासपोर्ट नंबर?"

तो माझ्याकडे नव्हता. दीपमाला म्हणाली, शुक्रवारी सायंकाळी सहापर्यंत जागा धरून ठेवते, तोवर नंबर द्या, नाहीतर सिस्टिम आपोआप सोडून देईल. शुक्रवार म्हणजे आज.

पासपोर्ट नवसाबाईकडे आहे. नवसाबाईचे घर आमच्याच अंगणाच्या पलीकडच्या बाजूला आहे, मधे तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हौद. ती माझ्याशी सात वर्षे बोललेली नाही.

कलम ६. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. वाचताना घाई करू नये.

नवसाबाईचा मुलगा भारत. शेडमध्ये माझ्या हाताखाली तयार झाला. १९९९ साली पेट्या तपासायला मी त्याला सोबत नेले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. परत मी एकटी आले. तिथल्या शीतगृहाच्या मालकाने त्याला नोकरी दिली, कागदपत्रे करून दिली. आता त्याचे तिकडे घर आहे, बायको आहे आणि चार महिन्यांची मुलगी आहे, सायली. सात वर्षांत तो एकदा आला, दहा दिवसांसाठी.

मी एकटी आले त्या दिवशी नवसाबाईने अंगणात उभे राहून सगळ्यांदेखत म्हटले, "हिनं माझं पोरगं द्राक्षाच्या पेटीत भरून इकून टाकलं!" मी उत्तर दिले, "तुझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याने स्वतः ठरवले." त्यानंतर ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही. घरातली कार्ये, बारशी, मयती, सगळे एकमेकींकडे पाठ करून केले.

मी सांगितले ते खरे नव्हते. शीतगृहाच्या मागच्या दारात, पेट्या उतरत असताना, भारतने मला विचारले होते, "मोठ्याई, राहू का?" तो घाबरलेला होता. मी नको म्हटले असते तर आला असता. मी म्हणाले, "राहा. आईला मी बघते." मी हे का म्हणाले याची कारणे चांगली होती आणि आजही ती मला चांगलीच वाटतात. पण आईला मी बघितले नाही. तिच्याशी खोटे बोलले आणि ते खोटे माझे होते म्हणून सात वर्षे धरून बसले.

नवसाबाईच्या दोन्ही गुडघ्यांत सांधे बसवलेले आहेत. मागच्या महिन्यात ती व्हिसासाठी बसने मुंबईला जाऊन आली आणि चार दिवस अंथरुणावर होती. व्हिसा झाला. साधे तिकीट भारत काढायला तयार आहे. तीच म्हणते, नऊ तास पाय मुडपून बसणे मला होणार नाही. ते खरे आहे. मला एकतिसावी रांग माहीत आहे. तिला नातीकडे जायचे तर पडद्यापुढच्या खुर्चीतच जायला हवे.

परवा जागा पकडल्याबरोबर मी भारतला फोन केला. तिकडे अजून उजाडायचे होते.

"मोठ्याई? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तुझी आई येतेय. माझ्याबरोबर. पुढच्या वर्गात!"

"ती तयार झाली? तुझ्याबरोबर?"

"तिला अजून माहीत नाही. तू सांगू नकोस, मी सांगते."

तो म्हणाला, "मोठ्याई, ते पण सांगणार?"

"ते पण सांगणार," मी म्हणाले. तो रडायला लागला. मी फोन ठेवला. आंतरराष्ट्रीय कॉल होता.

येतानाचे असे ठरले आहे. मी २४ मेला साध्या वर्गाने परत येईन, ऑपरेशनसाठी. त्याचे तिकीट मी पैसे भरून काढले आहे, जागा मधलीच मिळाली आहे. नवसाबाई जुलैअखेरपर्यंत राहील, आणि भारत बायको-मुलीसह तिला स्वतः घरी आणून सोडेल, तोवर पैसे जमवून, पाय पसरता येतील अशा पुढच्या जागा घेऊन. नेणे माझ्याकडे, आणणे त्याच्याकडे. त्याने हे फोनवर मान्य केले आहे. मृत्युपत्रात लिहिल्यामुळे आता त्याला मागे फिरता येणार नाही.

हे कलम आज दुपारी साक्षीदारांसमोर मी नवसाबाईला वाचून दाखवणार आहे. ती नाही म्हणाली तर पॉइंट्स परत मिळतील, जागा जातील. पुन्हा दोन जागा कधी सुटतील ते दीपमाला सांगू शकत नाही. १९ जूननंतर मी असेन का, ते डॉक्टर सांगू शकत नाहीत.

कलम ७. जाताना विमानातच माझे काही बरेवाईट झाले तर विमान परत फिरवायला सांगू नये. नवसाबाईला अगोदर पोहोचवावे. ऑपरेशनमध्ये झाले तर शेडला सुटी देऊ नये. माल थांबत नाही. तेराव्याला जिलेबी नको, शिळी असते. या लेखाची अंमलबजावणी रविराज आणि शुभांगी यांनी मिळून करावी, एकाने दुसऱ्याला न विचारता काही करू नये.

साक्षीदारांना मी काही ठेवलेले नाही, त्यांनी अपेक्षाही ठेवू नये. दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: चंद्रभागा गोटीराम विधाते

साक्षीदार १: पुंजाराम लहानू मंडलिक, नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त
साक्षीदार २: लंकाबाई त्र्यंबक तिडके, निवृत्त मुख्याध्यापिका

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १४ एप्रिल २००६, शुक्रवार, दुपारी ४ वाजता

याच दिवशी नंतर जोडलेली नोंद

लंकाबाई नवसाबाईला घेऊन आल्या. ती उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. मी कलम ६ उभ्याने वाचले, कारण ती उभी होती. मधे पाणी मागितले नाही.

झाल्यावर ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"एवढं लांबलचक कशाला लिव्हलं? मला त्या दिवशीच ठावं व्हतं."

"कसं?"

"माझं पोरगं मला इचारल्याबिगर चप्पलबी घेत नव्हतं. मला नाय इचारलं, म्हंजे तुम्हाला इचारलं."

"मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी बी कुठं बोलल्या?" ती म्हणाली. मग लंकाबाईंनी पुढे केलेल्या उंच खुर्चीवर टेकली. "ती सायली म्हंजे फोटोत दिसती तशीच आसंल का वो, बाई?"

मी म्हणाले, "मलाही माहीत नाही. चल, बघून येऊ."

"पाय लांब व्हत्यात का तिथं?"

"पलंग होतो खुर्चीचा. बटण दाबलं की."

"आन् तुमी कुठं?"

"शेजारी."

"नऊ तास?"

"नऊ तास."

"बापरे," ती म्हणाली.

पुंजारामभाऊ सारखे घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, पाच वाजून गेले. तुमचं भांडण तुम्ही विमानात करा की, तिथं वेळच वेळ आहे!" नवसाबाईने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, उठली आणि निघून गेली. हौदाला वळसा घालून तिला जायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. परत यायला त्याहून जास्त लागला. मी फोन हातात धरून बसले होते. पाच वाजून एकतीस मिनिटांनी ती आली. साडीच्या दुकानाच्या पिशवीत पासपोर्ट होता. तो तिने लगेच दिला नाही.

"खिडकी माझी," ती म्हणाली.

दीपमालाने खिडकी माझ्या नावावर टाकली होती. दहा वर्षांत मला खिडकी एकदाही मिळाली नव्हती. मी तसे तिला सांगितले.

"पोरगं तुमी नेलं, बाई. खिडकी मी घेती."

देवघेव पुढीलप्रमाणे झाली. वेळ ५ वाजून ३८ मिनिटे.

नवसाबाई बहिरू विधाते हिच्याकडून मिळाला: पासपोर्ट एक, व्हिसासह. नंबर फोनवरून कळवला. दीपमालाने दोन्ही जागा पक्क्या झाल्याचे ५ वाजून ४६ मिनिटांनी सांगितले आणि "काकू, हॅपी जर्नी" असे ओरडली.

नवसाबाईला दिले: कलम ६ ची नक्कल एक, तिने मागितल्यावरून. भारतसमोर मला ती पुन्हा वाचावी लागेल, असे तिने सांगितले आहे.

नवसाबाईला दिली: ३ मेच्या विमानातली दुसऱ्या रांगेतली खिडकीची जागा. माझ्या खुशीने नव्हे, पण माझ्या हाताने.

दिले: चं. गो. विधाते
मिळाले: नवसाबाई